डाळिंब: मृग धरायचा की हस्त?

मे सरत आला की सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंबवाल्यांपुढे प्रश्न येतो: यंदा मृग बहार धरायचा, म्हणजे जून-जुलैच्या फुलांवर पीक घ्यायचं, की बाग सप्टेंबर-ऑक्टोबरच्या हस्त बहारापर्यंत सोडायची? बहुतेक जण जूनच्या पावसाकडे बघून ठरवतात. मी सप्टेंबरकडे बघायला सांगेन. सोलापुरात सगळ्यात जास्त पाऊस त्याच महिन्यात, आणि तो दोन्ही बहारांना नडतो, वेगवेगळ्या तऱ्हेनं.

मृगाची मोठी सोय म्हणजे ताण, म्हणजे फुलं यावीत म्हणून पाणी तोडून बाग सुकवणं. ऊन चाळीस अंशांच्या वर, पाणी तोडलं की मुरमाड रानातली बाग महिनाभरात पिवळी पडते. भारी रानाला दीड महिनाही लागतो. मग हलकी छाटणी, इथ्रेल फवारून पानगळ, शेणखत आणि पहिलं पाणी. पुढचं पाणी बरंचसं पावसावर भागतं. पण सप्टेंबरात फळ वाढीला लागलेलं असताना तेल्या या डाग पाडणाऱ्या रोगाचे जिवाणू पावसाच्या थेंबांसोबत पानावरून फळावर उडतात. उघडीप मिळेल तशी बोर्डोची (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाची) फवारणी करत बसावं लागतं, आणि एवढं करून माल निघतो डिसेंबर-जानेवारीत, आवक भरपूर असताना.

हस्ताची फळं कोरड्या हवेत पोसतात. तेल्या कमी, थंडीनं 'भगवा' जातीला रंग छान, आणि फेब्रुवारी ते एप्रिल आवक कमी असल्यानं भाव बरा. मात्र ताण द्यायचा नेमका पावसात! काळ्या रानात ओल हटत नाही, ताण मोडतो आणि फुलांऐवजी नुसती फूट निघते. शिवाय मार्चपर्यंत पाणी हवं, आणि शेवटी फळं उन्हानं भाजू नयेत म्हणून झाकणंही आलं.

हस्त ठरला तर एक चूक टाळा: 'आत्ता बहार नाही' म्हणून मे महिन्यात पाणी बंद करणं. सुकलेली बाग पहिल्या पावसाला आपोआप फुलते आणि नको असलेला मृग गळ्यात पडतो. माफक पाणी चालू ठेवा, आळ्यात उसाचं पाचट पसरा, तरीही आलेली फुलं खुडा. डागाळलेल्या फांद्या छाटून जाळणं आणि खोडाला बोर्डो पेस्ट लावणं मात्र दोन्हीकडे सारखंच. दोन वर्षांच्या आतल्या झाडांवर कुठलाच बहार नको.

मुरमाड रान आणि भरलेलं शेततळं असेल तर मी डोळे झाकून हस्त धरीन. काळं रान, पाणी बेताचं आणि तेल्याचा मागमूस नाही, तर मृग. काळं रान असून गेल्या वर्षी तेल्या येऊन गेला असेल, तर दोन्ही सोडा. उन्हाळाभर पाणी पुरणार असेल तरच जानेवारीत आंबिया बहाराचा विचार करा, नाहीतर बागेला यंदा विश्रांती द्या.