माऊसरिटर, मॉर्क बोर्ग, डेल्व अन् भीमायन: आमच्या सतरंजीवर कोण चाललं

राजेहो, रोलप्लेइंग गेमच्या पुस्तकांचे अन् सप्लिमेंटचे रिव्ह्यू वाचता ना, तर आधी एकच बघत जा, लिहिणाऱ्यानं ते खेळवलं का नुसतं चाळलं. पाच-पाच स्टारवाल्या बऱ्याच रिव्ह्यूत काय असते तर आर्ट जबरदस्त, कागद जाड, कपाटात काय दिसते बावा! अरे पण चार-पाच जण बसले, त्यातले दोघं इंग्रजी दिसली की बिचकते, लाइटचा भरोसा नाही, तेव्हा ते पुस्तक कामाचं हाय का? हे कोणी सांगतच नाही. म्हणून मी लिहून राहिलो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडचे, एक कृषी केंद्रवाला, एक झेडपीचा मास्तर, दोन कॉलेजचे पोट्टे अन् मी. टेबलटॉप म्हणतात पण आमचं सगळं सतरंजीवर. ज्याले हा प्रकारच माहीत नाही त्याच्यासाठी थोडक्यात, एक जण गोष्ट चालवते, बाकीचे आपापलं पात्र काय करते ते सांगतात, अन् जिथं शंका आली तिथं फासा टाकायचा. सप्लिमेंट म्हणजे मूळ नियमांवरची पुरवणी, नवीन जागा, नवीन राक्षस, नवीन नियम असं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त चाललं ते माऊसरिटर. आयझॅक विल्यम्सचा गेम हाय, 2020 चा, पीडीएफले वाटेल तेवढे पैसे द्या, नाही दिले तरी डाउनलोड होते. आपण सगळे उंदीर. तलवारीच्या जागी सुई, अन् मांजर म्हणजे डोंगराएवढी. यातलं सामान लिहून ठेवायचं नसते, कागदाचे छोटे छोटे कार्ड कापायचे अन् पात्राच्या शीटवर सामानाचे दहाच घरं असतात त्याच्यात मांडायचे. मजा इथं हाय. उंदीर उपाशी राहिला की भुकेचं कार्ड येते अन् तेही एक घर अडवून बसते! म्हणजे भूक हे पण ओझंच. हे समजावून सांगायची गरजच पडली नाही, कृषी केंद्रवाल्यानं कार्ड हातात घेतलं, जरा वेळ पाहिलं अन् म्हणे, "म्हंजे उपाशी गड्यानं पोतं उचलायचं नाई, बराबर हाय ना बे." नियमाची पानं वाचून जे डोक्यात गेलं नसतं ते एका कार्डानं गेलं. मास्तरनं सगळ्या कार्डांवर पेननं मराठीत लिहून टाकलं, सुई, दिवटी, शिदोरी, अन् इंग्रजीची भीती तिथंच मिटली.

ऑनलाइन लोकांची तक्रार असते की यात पात्र लवकर मरते. मरतेच! सुरवातीले एका सहाच्या फाशावर जेवढं येईल तेवढीच ढाल, मांजरीचा एक पंजा बसला की संपलं. पण नवीन उंदीर चहा उकळेपर्यंत तयार होते, मग रडायचं कायले? उलट आमचे पोट्टे तर मरायच्या भीतीनं डोकं लावून खेळायले लागले. मी गोष्ट आणून टाकली जिनिंगमध्ये, सरकीचा ढीग, कापसाच्या गाठी, चौकीदाराच्या खोलीत मांजर, अन् सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेली जागा असल्यामुळं नकाशा काढायचं कामच पडलं नाही, जो तो सांगून राहिला की वजनकाट्याच्या मागून बोळ जाते म्हणून. माऊसरिटरची द इस्टेट नावाची पुरवणी हाय, घडीच्या पॅम्फ्लेटमध्ये छोटे छोटे अॅडव्हेंचर. एका संध्याकाळी एक पॅम्फ्लेट, बस. जाडजूड पुस्तकापेक्षा हा साइज आपल्याले परवडते, सोयाबीनच्या दिवसांत कोणाले वेळ हाय वाचायले.

आता मॉर्क बोर्ग. स्वीडनचा गेम, हाही 2020 चाच, त्या वर्षी रोलप्लेइंग गेमच्या एनी अवॉर्डमध्ये प्रॉडक्ट ऑफ द इयरचं गोल्ड त्यालेच. रिव्ह्यू पाहाल तर सगळे वेडे झालेले, पिवळाजर्द रंग, पानभर चित्र, अक्षरं वाकडी-तिकडी. खरंच भारी दिसते, नाही म्हणत नाही. पण तालुक्याच्या झेरॉक्सवर असलं पान टाकलं की काळं कुट्ट बाहेर येते, अक्षर शोधावं लागते. त्यांनीच बेअर बोन्स नावाची बिनचित्राची आवृत्ती फुकट देऊन ठेवली हाय, आपल्यासाठी खरी तीच. रिव्ह्यूत मात्र तिचं नाव एखाद्या ओळीत उरकते, कारण तिच्यात फोटो काढण्यासारखं काही नाही ना. गेममध्ये जग बुडत असते, रोज फासा टाकायचा, संकटं एक एक खरी होत जातात अन् सातवं आलं की खेळ संपला, पुस्तक जाळून टाका म्हणते! एवढं महागाचं पुस्तक कोण जाळते भाऊ? झेरॉक्स जाळू एखादवेळी.

एकट्यानं खेळायचं असेल तर आयर्नस्वॉर्न. शॉन टॉमकिनचा, 2018 चा, पीडीएफ फुकट. गोष्ट चालवायले दुसरा माणूस लागत नाही, अडलं की तक्त्यावर फासा टाकायचा अन् तक्ता उत्तर देते. मी हा जागलीवर खेळतो. रब्बीत चण्यावर रानडुकरं येतात, रात्रभर मचाणावर बसावं लागते, रील पाहून पाहून डोळे फुटतात, त्यापेक्षा हे बरं. त्याचीच डेल्व नावाची पुरवणी 2020 ची, ही विकतची, पण मले तरी पैसे वसूल वाटले. तिच्यात जागा बनवायची असेल तर दोन कार्ड जोडायचे, एक जागेचा स्वभाव, एक जागेचा प्रकार. मी भुताटकीचं कार्ड घेतलं अन् खाणीचं घेतलं. वणीच्या माणसाले कोळसा खाण अजून काय समजावून सांगायची? तक्ता म्हणे पुढं वाट ढासळलेली हाय, अन् खाली ओलितात खरंच काहीतरी खुडबुडलं, मी टॉर्च मारण्याआधी फासाच हातात घट्ट पकडला. एक खोट हाय, तक्त्यात बर्फ अन् समुद्रगुहा लय. त्या जागी आपलं पळसाचं रान अन् नाला टाकून घ्यावा लागते.

कॉमिक्सचंही तेच हाय, लोकं रिव्ह्यूत छपाईवर बोलतात. भीमायन बघा. नवयान प्रकाशनानं 2011 मध्ये काढलं, बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग, चित्रं दुर्गाबाई व्याम अन् सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. काही लोकांची तक्रार, चौकटी नाहीत, कुठून कुठं वाचायचं समजत नाही. अरे चौकटी मुद्दामच नाहीत, पानाचे भाग भिंतीवर काढतात त्या डिग्ना नावाच्या गोंडी नक्षीनं पाडले हायेत, नजर त्याच्याच मागं जाते. अन् बोलायचे फुगे पाहाच. सरळ माणसाचं बोलणं पाखराच्या आकारात, टोचून बोलणाऱ्याच्या फुग्याले विंचवाची नांगी. मास्तरनं पुस्तक चौथीच्या पोरांपुढं उघडलं, 1901 चा प्रसंग, लहानगा भीम भावंडांसोबत मसूर स्टेशनवर उतरते, जात समजल्यावर गाडीवान डबल भाडं घेऊन यायले तयार होते पण गाडी पोरांनीच हाकायची, तो बाजूनं पायी. पोरांले इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण बोट नांगीवर ठेवून बरोबर सांगून राहिली की हा खराब बोलून रायला. माझ्या मतानं यापेक्षा मोठा स्टार कोणता नाही. गोंड अन् परधान लोक आपल्या केळापूर-झरीत कितीतरी, तरी हे पुस्तक आपल्या तालुक्याच्या दुकानात दिसत नाही. मागवायचं म्हटलं तर एका कुरियरवाल्यानं मले सांगितलं की तुमच्या पिनकोडवर आम्ही येत नाही, स्टँडवर येऊन घेऊन जा. गेलो, काय करता.

या प्रकारातला सगळ्यात मोठा गेम म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, त्याच्याबद्दल पोट्टे विचारतात. त्यात 2022 चं जर्नीज थ्रू द रेडिअंट सिटाडेल नावाचं तेरा अॅडव्हेंचरचं पुस्तक हाय, एक बंगालच्या धर्तीवरचं मिमी मोंडलनं लिहिलेलं. नदी, पूर असलं वाचून बरं वाटते पण सुंदरबन अन् पैनगंगा सारखे नाहीत, थोडं बदलून घ्या. पहिलंच हे घेऊ नका मात्र. बेसिक रूल फुकट मिळतात, ते खेळून पाहा, जमलं तर वर्गणी करून पुस्तक मागवा, अन् पुस्तक कोणाच्या घरी राहील हे पैसे काढायच्या आधीच ठरवून घ्या.