लाइनवर घडवावं की एमबीएला पाठवावं?

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, म्हणजे वितळलेला धातू वाळूच्या साच्यात ओतून सुटे भाग (कास्टिंग) बनवणाऱ्या कारखान्यात, सहा-सात वर्षं काढलेला हुशार इंजिनिअर. त्याला मॅनेजर करायचं ठरलंय. नोकरी सांभाळून एमबीए करू द्यावं, की जुन्या मॅनेजरच्या हाताखाली उत्पादनाच्या लाइनवरच तयार करावं?

एमबीएतून पैशाची समज येते. कास्टिंगचा किलोमागचा खर्च इंजिनिअरला तोंडपाठ असतो. पण माल गेल्यावर पैसा किती दिवस अडकतो आणि त्यावर व्याज किती चढतं, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल ४५ दिवसांच्या आत चुकवावं लागतं. हे ठाऊक असलेला मॅनेजर ग्राहकाशी वेगळ्या सुरात बोलतो. मात्र चार सेमिस्टर, त्यात शिफ्ट. घरच्यांचीही तयारी लागते.

माणसं सांभाळणं वर्गात जेमतेमच येतं. रिजेक्शन, म्हणजे नापास होणारा माल, वाढलं की नवा मॅनेजर स्वतःच साच्याच्या वाळूची ओल तपासायला धावतो, कारण इतकी वर्षं त्यासाठीच शाबासकी मिळालेली असते. आता त्यानं वाळू तयार होते त्या सँड प्लँटवर जाऊन ‘मामा, सकाळपासून काय बदललं?’ असं विचारायचं आणि उत्तर पुरतं ऐकायचं. जोतिबाची चैत्र यात्रा आली, शेतातला ऊस तोडीला आला, की हजेरी घटणार. डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करणं, त्याआधीच बसवायचं. हे जुन्या माणसाशेजारी उभं राहूनच अंगवळणी पडतं.

पण त्याला जुन्या मॅनेजरच्या मागे नुसतं फिरवू नका. एक लाइन, तिची माणसं, तिचं डिस्पॅच सहा महिने पूर्ण त्याच्याकडे द्या आणि रोज दहा मिनिटं त्याच्याशी बोला. अमेरिकेत १९४० साली सुरू झालेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’त सुपरवायझरला काम शिकवणं आणि माणसांशी वागणं यांचे धडे दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत देत; पुढे टोयोटानं ती पद्धत उचलली. तेवढा वेळ कुठलाही कारखाना काढू शकतो. जुना मॅनेजर शिवीगाळ करून काम काढणारा असेल, तर मात्र पोरगा त्याच्या हाताखाली देऊच नका. तो तेच उचलेल.

माझं मत: आधी लाइन, दोनेक वर्षांनी एमबीए. बँक आणि ग्राहक लगेचच त्याच्याकडे द्यायचे असतील, तर क्रम उलटा चालेल. आणि सहा महिन्यांनी त्याला हे काम नको वाटलं, तर त्याच पगारावर तांत्रिक कामाला परत घेईन, हा शब्द त्याला पहिल्याच दिवशी द्या.