व्हीएस कोड आणि जीसीसी, आठ महिन्यांनंतर: ‘रन’ दाबूनही काही होत नाही तेव्हा

विंडोज ११, व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), त्याचे सी/सी++ एक्स्टेन्शन आणि एमएसवायएस२ या साधनसंचातला जीसीसी (कंपायलर, म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारा), या संचाचा आठ महिन्यांच्या रोजच्या वापरानंतरचा हा अनुभव. एडिटर म्हणून नाव ठेवायला जागा नाही. पण एक्स्टेन्शनबरोबर कंपायलर येत नाही, तो वेगळा बसवावा लागतो, आणि खरी डोकेदुखी तिथूनच सुरू होते.

जीसीसी बसवला, सी ड्राइव्हवरच्या ‘एमएसवायएस६४\यूसीआरटी६४\बिन’ या फोल्डरचा पत्ता पाथमध्ये (विंडोज ज्या फोल्डरांत प्रोग्रॅम शोधते त्यांची यादी) टाकला, तरी टर्मिनल (कमांड टाइप करायची चौकट) जीसीसी ओळखत नाही. कारण साधे आहे. एखादा प्रोग्रॅम सुरू होताना जो पाथ मिळतो, तोच तो बंद होईपर्यंत धरून बसतो आणि आतल्या टर्मिनललाही तोच देतो. ‘रीलोड विंडो’ने भागत नाही. व्हीएस कोडच्या झाडून सगळ्या खिडक्या बंद करा आणि स्टार्ट मेनूतून पुन्हा उघडा. एक जरी खिडकी उघडी राहिली, तरी नवी खिडकी जुनाच पाथ घेऊन येते.

मग कुठला जीसीसी सापडतो ते तपासायचे, तर तिथेही एक गंमत आहे. पॉवरशेलमध्ये (टर्मिनलमधली विंडोजची कमांड-प्रणाली) ‘व्हेअर जीसीसी’ टाकले की काहीच दिसत नाही, कारण तिथे ‘व्हेअर’ हे भलत्याच कमांडचे टोपणनाव आहे. ‘व्हेअर.ईएक्सई जीसीसी’ असे पूर्ण लिहा. दोन-तीन पत्ते आले, तर वापरला जातो तो सर्वात वरचा. दुसऱ्या एखाद्या आयडीईबरोबर (एडिटर-कंपायलरचा तयार संच) आलेला जुना मिनजीडब्ल्यू (विंडोजसाठीचा जीसीसी) वर दिसला, तर तो सिस्टिम पाथमध्ये आहे का ते बघा. विंडोज आधी सिस्टिम पाथ वाचते, मग युझर पाथ. त्यामुळे युझर पाथमध्ये नवा पत्ता कितीही वर चढवला, तरी उपयोग शून्य.

सर्वात छळणारा प्रकार म्हणजे कंपाइल बिनचूक, ईएक्सई (चालणारी प्रोग्रॅम-फाइल) तयार, आणि चालवल्यावर टर्मिनल मख्ख. ना एरर, ना आउटपुट. लगेच ‘$लास्टएक्झिटकोड’ (प्रोग्रॅम संपताना देतो तो आकडा) विचारा. उत्तर -१०७३७४१५१५ आले, तर प्रोग्रॅमला चालताना लागणारी डीएलएल (तयार कोडची वेगळी फाइल) सापडलेली नाही. -१०७३७४१५११ आले, तर डीएलएल सापडली, पण चुकीची: बहुधा दुसऱ्याच सॉफ्टवेअरच्या फोल्डरातली ‘लिबएसटीडीसी++-६’. पक्का उपाय म्हणजे पाथचा क्रम सुधारणे. घाई असेल तर ‘-स्टॅटिक’ लावून कंपाइल करा, म्हणजे तो कोड ईएक्सईतच भरला जातो. फाइल जाडजूड होईल, पण चालेल.

‘विनमेन’चा संदर्भ सापडत नाही, अशी एरर आली तर घाबरू नका, मेन फंक्शन लिहायचे राहिले असेल किंवा फाइल सेव्ह केलेली नसेल. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे आधीचा ईएक्सई अजून चालू आहे. ‘कोड रनर’ हे एक्स्टेन्शन वापरत असाल तर त्याचे ‘रन इन टर्मिनल’ चालू करा, नाहीतर स्कॅनएफ इनपुटची वाट बघत बसतो आणि आउटपुटच्या चौकटीत काही टाइपच करता येत नाही.

मित्राचे ‘.व्हीएसकोड’ फोल्डर पेनड्राइव्हवरून उचलू नये. टास्क्स.जेसनमध्ये कंपायलरचा आणि लाँच.जेसनमध्ये डीबगरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, आणि तो त्याच्या मशीनचा. दोन्ही फाइली उडवून एफ५ दाबले की एडिटर कंपायलर विचारतो. पत्ता हाताने लिहायचाच असेल तर प्रत्येक उलटी तिरकी रेघ दोनदा द्यायची.

आणि फोल्डरचे नाव ‘प्रात्यक्षिके’ असे देवनागरीत ठेवायचा मोह आवरा. प्रोग्रॅम एखादे वेळी तयार होईलही, पण विंडोजवरचा जीडीबी (डीबगर) अशा पत्त्यावर अडखळतो. आउटपुटमध्ये मराठी हवी असेल, तर ती मिळते: फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि चालवण्याआधी टर्मिनलमध्ये ‘सीएचसीपी ६५००१’ द्या.