भंडारदऱ्याला जाताय? रंधा, अंब्रेला की रस्त्याकडेचे धबधबे

भंडारदऱ्याला धबधबे बघायला जायचं ठरलं की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, धरणातून सोडलेलं पाणी काय बघायचं, रंध्याला चला, तो खरा धबधबा. दुसऱ्याला फोटोत पाहिलेली अंब्रेला फॉलची पांढरी छत्री बघायची असते. मी जवळजवळ दर पावसाळ्यात एक तरी चक्कर मारतो आणि खरा-खोटा हा वाद मी कधीच सोडून दिलाय. जाण्याआधी एवढंच विचारायचं, की त्या दिवशी पाण्याचा नळ कोणाच्या हातात आहे, पावसाच्या की पाटबंधारे खात्याच्या.

आधी नकाशा डोक्यात बसवा. प्रवरा निघते रतनगडाच्या अंगाखांद्यावरून, रतनवाडीच्या बाजूला. आजूबाजूच्या डोंगरांचं पाणी घेत ती शेंडी गावाजवळ येते आणि विल्सन डॅमला, म्हणजेच भंडारदरा धरणाला, अडते. या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं, १९२६ मध्ये पुरं झालं. अख्खं दगडी बांधकाम, उंची सुमारे ८२ मीटर, साठा ११ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात. नाव मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं. या भिंतीच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल आणि तिथून राजूरच्या दिशेने साधारण १० किलोमीटरवर रंधा. म्हणजे दोन्ही धबधबे एकाच नदीवर आणि एकाच धरणाखाली. रंधा नैसर्गिक आहे हे खरं, पण त्याच्या पाण्यातला मोठा वाटा वरच्या धरणातूनच सुटून येतो.

तिसरा पर्याय मात्र कोणाच्याच हातात नाही. जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर मुरशेत, पांजरे, उडदावणे, साम्रद, रतनवाडी या गावांच्या आसपास कड्यांवरून कोसळणाऱ्या असंख्य धारा. त्यातल्या नेकलेस आणि न्हाणी फॉलला नावं मिळाली, बाकीच्या बिननावाच्या.

आता एकेक घेऊ.

अंब्रेला फॉलची गंमत साधी आहे. धरणाच्या मोरीतून, म्हणजे भिंतीतल्या पाणी सोडायच्या दारातून, सुटलेली धार खालच्या गोलसर खडकावर पडते आणि चहूकडे पसरून खाली उतरते, अगदी उघडलेल्या छत्रीसारखी. समोर छोटा पूल आहे, बाजूला बाग आहे. पुलावर उभं राहिलं की तुषार थेट तोंडावर येतात. गाडी लावून फार चालावं लागत नाही, चढउतार बेताचा. गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना घेऊन जायचं असेल तर तिन्हींत हा सोपा. आकार ठरलेला असल्यामुळे फोटोही हमखास येतो. पाणी कमी सुटलं तर छत्री लहान, जास्त सुटलं तर मोठी, एवढाच फरक.

पण मोरी बंद असली तर समोर फक्त ओला खडक असतो. एका जूनअखेरीला मी पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने घेऊन गेलो. पाऊस दणकून पडत होता, डोंगर हिरवे झाले होते, आणि छत्रीच्या जागी काळा दगड. पाहुणे सभ्य होते, काही बोलले नाहीत. चूक माझीच होती. पाऊस पडतोय म्हणजे धबधबा असणारच असं मी धरून चाललो होतो. पावसाच्या सुरुवातीला धरणात पाणी साठवायचं असतं, सोडायचं नसतं. हे पाणी खाली अकोले, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या शेतांचं आहे, तिकडचा ऊस त्यावर उभा आहे. आपल्या रविवारच्या सहलीसाठी कोणी मोरी का उघडावी? म्हणून अंब्रेलाला जायचं तर धरण भरत आल्यावर जा. बहुतेक वर्षी ते १५ ऑगस्टच्या आगेमागे होतं. त्या काळात स्थानिक बातम्यांमध्ये 'भंडारदरा तांत्रिकदृष्ट्या भरले' आणि 'विसर्ग सुरू' हे दोन शब्दप्रयोग शोधायचे. दुसरा दिसल्याशिवाय छत्रीची आशा धरू नका. आणि विसर्ग फारच वाढला तर उलटी पंचाईत, पुलावर जाऊ देत नाहीत.

रंध्याचा स्वभाव वेगळा. इथे प्रवरा सपाटीवरून चालत येते आणि एकदम खोल घळीत उडी घेते. उंची १७० फुटांच्या आसपास सांगतात. आकडा ऐकून फार वाटत नाही, पण घळ अरुंद आहे, दोन्हीकडे काळा बसाल्ट उभा आहे आणि भरात असलेल्या पाण्याचा आवाज त्या भिंतींत घुमत राहतो. ऑगस्टमधल्या एखाद्या मोठ्या विसर्गाच्या दिवशी कठड्याशी शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं. पाणी तेव्हा दुधासारखं पांढरं वगैरे नसतं, चक्क चहाच्या रंगाचं असतं, आणि मला ते जास्त आवडतं. शेजारी घोरपडादेवीचं देऊळ आहे. आसपासच्या गावांसाठी ही जागा आधी देवीची, मग धबधब्याची. बूट घालून गाभाऱ्याच्या दारात सेल्फी काढणारी मंडळी दिसतात, त्यांत आपली भर नको.

रंध्याचा एक मोठा फायदा फारसा कोणी सांगत नाही. त्याला पाण्याचा दुसरा धनी आहे. कळसूबाईच्या बाजूने, वाकीकडून कृष्णवंती नदी येते आणि धरणाच्या खाली प्रवरेला मिळते. त्यामुळे जुलैत धरण अजून भरायचं असताना, अंब्रेला कोरडा असताना, कळसूबाईच्या रांगेत चांगला पाऊस झाला की रंधा वाहायला लागतो. मग धरण भरलं की वरचं पाणी येऊन मिळतं आणि तो रौद्र होतो. म्हणजे हंगामाच्या हिशोबाने रंधा अंब्रेलापेक्षा आधी सुरू होतो आणि फसवण्याची शक्यता कमी. पाऊस ओसरला की मात्र तोही रोडावतो. हिवाळ्या-उन्हाळ्यात आवर्तनाचं, म्हणजे शेतीसाठी ठरावीक पाळीने सोडलेलं, पाणी नदीतून खाली जातं, पण तेवढ्या भरवशावर गाडी काढू नये.

तोटे? एक, धोका. इथे माणसं गेली आहेत. घळीच्या तोंडाशी खडक शेवाळलेले असतात, पात्रातले रांजणासारखे खोल खड्डे वरून कळत नाहीत, आणि वर धरणातून विसर्ग वाढला की पाण्याची पातळी बघता बघता चढते. कठडा ओलांडून 'जरा पुढून' बघायची हौस इथे नकोच. पाण्यात उतरायची जागा तर ही नाहीच. मुलांना भिजायचं असेल तर रंधा त्यांची निराशा करेल. दोन, धुकं. जुलैत अनेकदा नुसता आवाज ऐकून परतावं लागतं.

आता रस्त्याकडेचे धबधबे. खरं सांगायचं तर भंडारदऱ्याचा पावसाळा मला इथेच भेटतो. जलाशयाची प्रदक्षिणा साधारण ४० किलोमीटरच्या वर भरते. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला कडे. सह्याद्रीचा हा दगड लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय. कठीण थर टिकून राहतो, मऊ थर झिजतो, म्हणून कड्याला पायऱ्या पडतात आणि पाणी एका उडीत न येता टप्प्याटप्प्याने उतरतं. घाटघरला तर नगरची चेरापुंजी म्हणतात. तिकडे दोन दिवस लागून पाऊस झाला की धारा मोजायचा नाद सोडावा लागतो.

पण या धारांमागे ना नदी असते ना साठा. वरचं पठार लहान, दगड पाणी धरून ठेवणारा नव्हे, त्यामुळे पाऊस उघडला की काही दिवसांत धार बारीक होते आणि ऑक्टोबरात ओल्या रेघा उरतात. सप्टेंबरचा शेवट धरून गेलात आणि आठवडाभर ऊन असेल, तर धरण तुडुंब, मोरी चालू असली तर अंब्रेला जोरात, आणि रस्त्याकडेचे निम्मे धबधबे गायब, असं चित्र दिसू शकतं. तेव्हा मानवनिर्मित धबधब्याला नावं ठेवणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात.

रस्ता अरुंद आहे, काही ठिकाणी खड्ड्यांचा, आणि धबधब्यासमोर गाड्या आडव्या लावून नाचणारे गट शनिवारी-रविवारी हमखास. १५ ऑगस्टच्या सुट्टीत तर जाऊच नका. गर्दीच्या दिवसांत एकेरी वाहतूक लावतात आणि एकदा त्या फेऱ्यात शिरलात की मागे फिरता येत नाही. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे, वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क घेतात. साम्रदच्या सांदण दरीचं नाव ऐकून पावसाळ्यात तिकडे उतरायचा विचार कोणी करत असेल तर तो तिथेच सोडा, दरीत पाणी असतं.

तर कोणी कुठे जावं? जुलैत जाणार असाल तर रंधा आणि रस्त्याकडेचे, अंब्रेला विसरा. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत तिन्ही मिळण्याची शक्यता सगळ्यात जास्त, त्यातही आठवड्यातला कामाचा दिवस. सोबत वयस्कर माणसं असतील तर अंब्रेला आधी, रंध्याला कठड्यापर्यंत. लहान मुलं असतील तर रंध्यापेक्षा रतनवाडीच्या वाटेवरच्या एखाद्या उथळ ओहोळात त्यांना पाय बुडवू द्या, ती तेच लक्षात ठेवतात. मेअखेर-जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला जाणारे विचारतात, धबधबे पण होतील ना? नाही होणार. ती सहल वेगळी, ही वेगळी.

एकच दिवस हातात असेल तर नाशिक किंवा मुंबईहून घोटी-बारीमार्गे सकाळी लवकर शेंडी गाठा. गर्दी जमायच्या आत प्रदक्षिणेच्या रस्त्याला लागा, रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघा, दुपारी परत येऊन अंब्रेला, आणि शेवटी रंधा. रंधा राजूरच्या वाटेवर आहे, पुढे गेलात तर राजूरचे पेढे मिळतात.

दोन्हींतला एकच बघायचाय असं म्हणालात, तर मी रंधा सांगेन, आणि मोरी उघडल्याची खात्रीची बातमी हातात असेल तरच अंब्रेला. रंध्याला पोहोचल्यावर समोर नुसतं धुकं दिसलं तर लगेच माघारी फिरू नका. कठड्याशी थांबा, चहा घ्या. वारा फिरला की तो पडदा दोन-पाच मिनिटं बाजूला होतो, तेवढ्यात बघून घ्यायचं.