पाणाड्याचा पॉईंट आणि आठवा शनी

2024 च्या उन्हाळ्यात अंबड तालुक्यातल्या आमच्या मोसंबीला पाणी उरलं नव्हतं. विहिरीनं तळ गाठला होता आणि टँकरचा खर्च दर आठवड्याला वाढत होता. झाडं डोळ्यांदेखत वाळायला लागली की शेतकरी कुणाचंही ऐकतो, आणि बोअरचा पॉईंट, म्हणजे पाणी लागेल ती जागा, दाखवणारे पाणाडी नेमके तेव्हाच गावात येतात. त्यांच्यातल्या एकानं माझ्या वडिलांना, आबांना, कसं फसवलं ते सगळं सांगतो. एप्रिल-मे आला की गावोगाव हेच चालतं.

पाणाडी जीपमधून आला. तळहातावर नारळ आडवा धरून बांधाबांधानं फिरला आणि खालच्या अंगाला लिंबाजवळ नारळ उभा राहिला. मी त्याच्या शेजारीच चालत होतो. नारळ उठायच्या आधी त्याचा तळहात खोलगट झाला, मनगट जरासं कललं. गोल बुडाच्या नारळाला तेवढं पुरतं. कुणीही घरी करून बघावं.

पण आबांना पटवलं ते नारळानं नाही, पत्रिकेनं. ती मागून घेऊन तो म्हणाला, "काका, कर्केचा चंद्र, तोही चौथ्या घरात. रास पाण्याची, घर जमिनीचं. तुमच्या नशिबात पाणी लिहिलेलंच आहे. तीनशे फुटांच्या आत दोन इंची पाणी लागलं नाही तर हा धंदा सोडीन." दक्षिणा रोख घेतली. बोअरची गाडीही त्यानंच फोन करून बोलावली, ओळखीची आहे, रेट कमी लावतील म्हणून.

गाडी रात्री लागली. मुरूम संपला, मांजऱ्या खडकात, म्हणजे मऊ, पाणी धरणाऱ्या खडकात, थोडी ओल आली, मग काळा पाषाण सुरू झाला. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी असंच आहे. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. एकसंध पाषाणात भेग सापडली नाही तर कितीही खोल जा, कोरडंच. तीनशे फुटांवर नुसता फुफाटा उडत होता. थांबवा म्हटलं तर पाणाडी आबांकडं वळला, "काका, दारात आलेल्या लक्ष्मीला परत लावू नका. पन्नास फूट फक्त." ते पन्नास झाले की आणखी पन्नास. खोली वाढेल तसा फुटाचा दरही चढतो, हे तर बोअरवाल्यांचं ठरलेलंच असतं. साडेसहाशे फुटांवर आबांनी हात जोडले तेव्हा मशीन थांबलं. लाखाच्या आसपास गेले आणि तांब्याभर पाणी लागलं नाही.

त्यावर हा माणूस शांतपणे म्हणाला, "तुमच्या राशीला आठवा शनी आहे. शनीनं पाणी अडवलंय. शांती करून घ्या, मग दुसरा पॉईंट काढून देतो."

इथं प्रत्येकानं नीट लक्ष द्यावं. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो. पंचांगाप्रमाणे जानेवारी 2023 पासून मार्च 2025 पर्यंत तो कुंभेत होता, म्हणजे कर्केपासून आठवा. पत्रिका हातात घेऊन त्यानं पाण्याची हमी दिली त्या दिवशीही शनी तिथंच होता. तेव्हा तो दिसला नाही, बोअर फेल गेल्यावर दिसला. आणि ही सबब कधी संपत नाही. कुठल्याही दिवशी बारांपैकी तीन राशींना साडेसाती असते, आणखी दोन राशींना चौथा किंवा आठवा शनी. पाच राशी तिथंच झाल्या. उरलेल्यांसाठी राहू, केतू, पितृदोष आहेतच.

खरा हिशोब सकाळी कळला. बिल करताना बोअरगाडीच्या एजंटनं वही उघडली. आमच्या नावापुढं फूट, केसिंग पाईप, आणि खाली 'पॉईंट' असं लिहून फुटामागे ठरलेली रक्कम. पाणाड्याचं कमिशन फुटावर होतं! पाणी न लागता जितकं खोल जाईल तितकी त्याची कमाई जास्त. "पन्नास फूट फक्त" कशासाठी होतं ते मला तिथं उमगलं.

पैशापेक्षा मला दुसऱ्या गोष्टीचा संताप येतो. आबा कितीतरी दिवस म्हणत राहिले, "माझ्याच नशिबात नव्हतं, त्याला काय बोल लावायचा." दोष नशिबावर गेला की पैसे परत मागायला कुणी जात नाही. पाणी लागलेला गावभर सांगतो, कोरडं गेलेला गप्प बसतो. या माणसांचं नाव असंच मोठं होतं.

म्हणून पाणाड्याला बोलवायचंच असेल तर गाडी तुम्ही स्वतः ठरवा. पॉईंटचं कमिशन कुणाला आहे का, हे एजंटला चार माणसांसमोर विचारा. किती फुटांवर थांबायचं ते आधीच घरात ठरवा आणि मशीनजवळ उभं राहून तो आकडा बदलू नका. त्याआधी शेजारच्या विहिरी-बोअरना भर उन्हाळ्यात किती खोलीवर पाणी असतं ते विचारून या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची जिल्ह्याला कार्यालयं आहेत, तिथं चौकशी करा. तेही हमी देणार नाहीत, पण फुटामागे कमिशनही घेणार नाहीत.

आणखी एक. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातून ज्योतिषाचा सल्ला आणि जमिनीखालच्या पाण्याचा सल्ला वगळलेला आहे. त्या कायद्याच्या भरवशावर राहू नका. तक्रार सरळ फसवणुकीची करावी लागते, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, आणि तिथं पुरावा लागतो. तेव्हा दक्षिणा रोख देऊ नका, पाण्याची हमी कागदावर लिहून घ्या, आणि एजंटनं वही उघडली की त्या पानाचा फोटो काढून ठेवा.