क्रेडिट कार्डासोबत येणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स: बॅग आली नाही तेव्हा खरा कळला

चार वर्षं हे कार्ड वापरतेय, दरवर्षी फी भरते, आणि सोबत ट्रॅव्हल इन्शुरन्स आहे एवढंच ऐकून माहीत होतं, पॉलिसी उघडून कधी वाचली नव्हती. यावेळी मी आणि नवरा निघालो, मधे फ्लाइट बदलायची होती, पोचलो तर बेल्ट फिरून फिरून थांबला आणि आमच्या दोन्ही बॅगांचा पत्ता नाही.

आम्ही थेट बाहेर पडणार होतो पण शेजारचे एक काका म्हणाले, आधी काउंटरवर रिपोर्ट लिहून घ्या, मग जा. त्या काकांचे उपकार विसरणार नाही! त्या रिपोर्टला पीआयआर म्हणतात, त्यावर दहा अक्षरी नंबर असतो, पहिली तीन अक्षरं एअरपोर्टची, पुढची दोन एअरलाइनची, मग पाच आकडे. पुढे सगळं त्या एका कागदावर चाललं.

बॅगा तिसऱ्या दिवशी आल्या, तोवर कपडे, चार्जर, टूथब्रशपासून सगळं विकत घ्यावं लागलं, बिलं मात्र एकूण एक जपली. परत आल्यावर पीआयआर, बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग, बिलं, एअरलाइनचं पत्र आणि कार्डाचं स्टेटमेंट लावून क्लेम टाकला. माझा पास झाला. नवऱ्याचा नाही, कारण त्याचं तिकीट आम्ही पॉइंट्सवर काढलं होतं आणि वरचा टॅक्स दुसऱ्याच कार्डाने भरला होता. बॅग तीच, फ्लाइट तीच, तरी एकाला पैसे आणि एकाला नकार, फार वाईट वाटलं. पण तिकिटाचे पैसे याच कार्डावर भरलेले हवेत हा नियम पॉलिसीत स्पष्ट लिहिलेला होता, मीच वाचला नव्हता.

फ्लाइट लेट झाली तर पैसे किती तासांनंतर मिळतात तेही बघून ठेवा, कुठे सहा तास, कुठे बारा. आणि बरीच कार्डं एअरलाइनने दिलेले पैसे वजा करून उरलेलेच देतात, म्हणून आधी एअरलाइनकडे मागा. तिथे 1999 च्या माँट्रियल कराराची (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईचा करार) मुदत लागते, सामान तुटलं-फुटलं तर 7 दिवसांत आणि उशिरा मिळालं तर हातात आल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार.

मेडिकलसाठी मात्र फक्त कार्डावर विसंबून राहू नका, अगदी मनापासून सांगतेय. कित्येक कार्डांत ते कव्हर नसतंच किंवा तुटपुंजं असतं, आधीपासूनचं दुखणं बहुतेक वगळलेलं. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) निदान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर दाखवावं लागतं, तेव्हा कार्डाच्या कव्हरचं पत्र मिळतं का आणि त्यात रक्कम काय लिहितात हे अर्ज करायच्या आधीच विचारा.

बॅग आणि उशिरासाठी माझे चार स्टार, मेडिकलला दोनच. पुढच्या ट्रिपची दोघांची तिकिटं मी कालच या कार्डावर पूर्ण पैसे भरून काढली, आणि मेडिकल पॉलिसी वेगळी घेतली.