जुने अमेरिकन बालकार्यक्रम: मिस्टर रॉजर्स, कॅप्टन कांगारू की आणखी कोणी?

लहान मुलांना हल्लीच्या धावत्या, भडक कार्टूनऐवजी जुने अमेरिकन कार्यक्रम दाखवावेत असा विचार करणारे बरेच पालक असतात. पण जुनं ते सगळं संथ आणि चांगलं, असं काही नाही. निवडताना मी एकच गोष्ट बघते: कॅमेऱ्यासमोरचा माणूस मुलाला विचार करायला वेळ देतो का?

या कसोटीवर ‘हाउडी डूडी’ लगेच बाद होतो. १९४७ ते १९६० या काळात एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर तो तुफान गाजला. सूत्रसंचालक बफेलो बॉब स्मिथ, दोऱ्यांवर नाचणारी बाहुली, ‘पीनट गॅलरी’त बसून ओरडणारी मुलं आणि न बोलता भोंगे वाजवणारा, सोड्याचे फवारे उडवणारा विदूषक क्लॅराबेल. टीव्हीच्या इतिहासाची आवड असेल तर मोठ्यांनी एखादा भाग जरूर बघावा. मुलांसाठी त्यात गोंगाटच जास्त आहे.

सुरुवातीला हा विदूषक साकारणारे बॉब कीशन पुढे सीबीएस वाहिनीवर ‘कॅप्टन कांगारू’ झाले. १९५५ साली कार्यक्रम सुरू झाला तेव्हा ते अवघे २८ वर्षांचे होते. पण भूमिका केली मोठमोठ्या खिशांचा कोट घालणाऱ्या प्रेमळ आजोबांची. मिस्टर ग्रीन जीन्स प्राणी घेऊन यायचे, मिस्टर मूस हा बाहुला कोडं घालून कॅप्टनच्या डोक्यावर पिंगपाँगच्या चेंडूंचा पाऊस पाडायचा. १९८४ पर्यंत हे चाललं. कीशन यांचा आवाज कधी चढत नाही, हे मला फार आवडतं. अडचण आहे ती रचनेची. बरीच वर्षं रोज सकाळी तासभर चालणारा हा कार्यक्रम म्हणजे गोष्ट, गाणं, कार्टून, गंमत असे सुटे तुकडे. तीन-चार वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊन थोडा वेळ बघायला छान. पण एखादा विषय धरून पुढे जायचं असेल तर हाताला फार काही लागत नाही.

तिथे फ्रेड रॉजर्स वेगळे ठरतात. ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी या टीव्ही केंद्रात तयार व्हायचा. १९६८ मध्ये तो देशभर दिसू लागला आणि २००१ पर्यंत नवे भाग येत राहिले. घरात येऊन कोट काढायचा, स्वेटर चढवायचा, बूट बदलायचे, माशांना खाऊ घालायचा. हे सगळं सावकाश. रॉजर्स बालमानसतज्ज्ञ मार्गारेट मॅकफार्लंड यांच्याशी नियमित चर्चा करत, आणि ते भागांमध्ये जाणवतं. १९७० च्या एका भागात टाकीतला मासा मेलेला सापडतो. रॉजर्स त्याला वाचवायचा प्रयत्न करतात, मग कागदात गुंडाळून अंगणात पुरतात आणि लहानपणी गेलेल्या आपल्या कुत्रीची, मिट्झीची आठवण सांगतात. तेव्हा आपण रडलो होतो, हेही सांगतात. घाईघाईने समजूत घालणं नाही की विषय बदलणं नाही. १९८१ च्या एका भागात व्हीलचेअरवरचा दहा वर्षांचा जेफ अर्लँगर आपली खुर्ची कशी चालते आणि आपल्याला ती का लागते, हे स्वतः सांगतो. रॉजर्स ऐकतात, मग दोघं मिळून गातात. मुलाचं म्हणणं इतकं मनापासून ऐकणारा दुसरा सूत्रसंचालक मला माहीत नाही.

घरात मराठी बोलणाऱ्या मुलालाही रॉजर्सचं इंग्रजी झेपतं, कारण वाक्यं छोटी आणि मधे भरपूर थांबे. कृष्णधवल काळातले सगळ्यात जुने भाग मात्र सुरुवातीला नकोत. मेणाचे रंगीत खडू कारखान्यात कसे बनतात ते दाखवणाऱ्या भागासारखे रंगीत भाग आधी दाखवा.

मूल सात-आठ वर्षांचं असेल आणि रॉजर्स त्याला ‘बाळांचा’ वाटत असेल तर दोन पर्याय आहेत. पुस्तकांकडे ओढा लावायचा असेल तर लव्हार बर्टन यांचा ‘रीडिंग रेनबो’ (१९८३ ते २००६) घ्या. एका भागात एक चित्रपुस्तक वाचलं जातं, त्याच्या विषयाला धरून बर्टन कुठेतरी फिरवून आणतात आणि शेवटी मुलंच आपल्या आवडीची पुस्तकं सुचवतात. हे मुलांनी पुस्तकं सुचवणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. इंग्रजी मात्र बऱ्यापैकी यायला हवं.

हाताने काहीतरी करून बघणारं मूल असेल तर डॉन हर्बर्ट. त्यांचा विज्ञानाच्या प्रयोगांचा कार्यक्रम ‘वॉच मिस्टर विझर्ड’ १९५१ ते १९६५ एनबीसीवर होता. १९८३ मध्ये ते ‘मिस्टर विझर्ड्स वर्ल्ड’ घेऊन निकलोडियन या मुलांच्या वाहिनीवर परतले. घरातल्या साध्या वस्तू घेऊन प्रयोग करायचा आणि आधी सोबतच्या मुलाला विचारायचं, ‘काय होईल असं वाटतं?’ मुलांना ऐंशीच्या दशकातली मालिका दाखवा, ती रंगीत आणि चटपटीत आहे. प्रयोग करून बघताना मात्र शेजारी मोठं माणूस हवंच, विशेषतः काडेपेटी किंवा गरम पाणी असेल तेव्हा.